थांबलेलं संगीत नाटक पुन्हा उभं करायचंय? रसिकांनी नेमकं काय करावं

एखादं संगीत नाटक आपण तीन-चारदा पाहिलेलं असतं. पदं तोंडपाठ असतात, कुठल्या जागेला वन्समोअर मिळणार तेही ठाऊक असतं. मग एका वर्षी शनिवार-रविवारच्या नाटकांच्या जाहिरातींत ते दिसेनासं होतं. चौकशी केली की कळतं, 'सध्या प्रयोग थांबलेत.' या 'सध्या'ची दोन वर्षं होतात. गोदामात नेपथ्याला ओल लागते, नायिकेची भूमिका करणारी मुलगी परगावी जाते, ऑर्गनवादक दुसरीकडे बांधला जातो. नाटक बंद करायचं असं कोणी ठरवलेलं नसतं, तरी ते बंद पडतं.

सांगली-मिरज भागातल्या आम्ही काही जणांनी असंच थांबलेलं एक नाटक पुन्हा रंगमंचावर यावं म्हणून खटपट केली. संस्थेच्या अडचणी त्यांच्या घरच्या होत्या, म्हणून नाव लिहीत नाही. दीड वर्ष लागलं, बऱ्याच गोष्टी चुकल्या, पण प्रयोग झाले. तुमच्या मनात असं एखादं नाटक असेल तर आम्ही जिथे वेळ घालवला तिथे तुमचा जाऊ नये, यासाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

स्वाक्षऱ्या गोळा करू नका

आम्ही सुरुवात तिथूनच केली होती. 'हे नाटक पुन्हा सुरू करा' अशा निवेदनावर चारशेच्या वर सह्या घेतल्या आणि निर्मात्यांना नेऊन दिल्या. त्यांनी त्या शांतपणे पाहिल्या आणि कपाटातून एक वही काढली. आमच्याच गावात झालेल्या शेवटच्या प्रयोगाची विक्री त्यात लिहिलेली होती: १३८ तिकिटं. सह्या करणाऱ्यांतले बहुतेक जण त्या दिवशी घरी होते. मीही घरीच होतो; त्या आठवड्यात पाहुणे आले होते.

त्या दिवसापासून आम्ही 'मागणी' हा शब्द सोडून दिला. संस्थेला नाटक करायचंच असतं, त्याची आठवण तिला करून द्यावी लागत नाही. तिला हवी असते ठरलेल्या तारखेची, भरलेल्या खुर्च्यांची खात्री.

नाटक नेमकं कशामुळे थांबलं, ते आधी विचारा

'संगीत नाटकाला प्रेक्षक उरला नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. खोदून विचारलं की कारण बहुतेक वेळा फार साधं निघतं. गाता गळा असलेला नट मालिकेत गेलाय आणि त्याच्या तारखा मिळत नाहीत. पर्यायी कलाकार तयारच केलेला नाही. नेपथ्य एका मोठ्या रंगमंचासाठी बनवलेलं आहे, तालुक्याच्या नाट्यगृहात ते मावत नाही. मागच्या दौऱ्यातले पैसे कुणाकडे तरी अडकलेत. कधी नाट्यगृहच बंद असतं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत जळालं. असं एक नाट्यगृह गेलं की त्या भागातल्या दौऱ्यांचं गणितच बदलतं.

म्हणून भेटीला जाताना प्रश्न लिहून न्या. शेवटचा प्रयोग कधी झाला आणि त्याला खर्च किती आला? मूळ संचातले कोण उपलब्ध आहेत, कुणाच्या भूमिकेला पर्याय हवा? पेटी, तबला, व्हायोलिन कोण वाजवणार? नेपथ्य आणि कपडेपट कुठे आहे, कुठल्या स्थितीत आहे? तालमीसाठी किती दिवस लागतील? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो हळुवारपणे विचारायचा: तुम्हाला हे नाटक पुन्हा करायचं आहे का? उत्तर 'नाही' आलं तर तिथेच थांबा. कलावंतांना नको असलेलं नाटक रसिकांनी ढकलून उभं करू नये.

या भेटीला दोघांनीच जावं. आम्ही नऊ जण गेलो होतो, आणि नऊ जणांसमोर कोणीही आपल्या तोट्याबद्दल मोकळेपणानं बोलत नाही.

हक्कांचा विषय आधी मिटवा

मूळ संस्थाच प्रयोग करणार असेल तर हे काम तिचं. पण संस्था विस्कटली असेल आणि तुमच्या गावच्या हौशी मंडळानं नाटक उचलायचं ठरवलं असेल, तर हे नीट समजून घ्या.

भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं त्याच्या कृतीवर वारसांचा हक्क राहतो. नाटककार देवल १९१६ साली गेले, खाडिलकर १९४८ साली. त्यांच्या संहिता आता खुल्या आहेत. खाडिलकरांच्या 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ साली गेले, म्हणजे त्याही खुल्या. पण नाटककार विद्याधर गोखले १९९६ साली गेले, त्यांच्या नाटकांवर २०५६ अखेरपर्यंत हक्क आहे. संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले. त्यांच्या चालींचा हक्क २०५८ अखेरपर्यंत.

शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 'पंडितराज जगन्नाथ'ची संहिता गोखल्यांची, संगीत वसंत देसाई यांचं. देसाई १९७५ साली गेले, म्हणजे चाली २०३५ अखेर खुल्या होतील, संहिता त्यानंतर एकवीस वर्षांनी. दोन कुटुंबांकडे दोन पत्रं पाठवावी लागतात. जुन्या, खुल्या नाटकाची एखाद्या हयात दिग्दर्शकानं केलेली संक्षिप्त रंगावृत्ती (प्रयोगासाठी बेतलेली संहिता) वापरणार असाल तर तिचीही परवानगी घ्या.

हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. तरीही वारसांना पत्र लिहावं असं माझं मत आहे. आम्ही एका दिवंगत संगीतकारांच्या घरी पत्र पाठवलं, तर उत्तराबरोबर त्यांच्या हस्ताक्षरातल्या दोन पदांच्या नोटेशनची छायाप्रत आली. ती आमच्याकडे कुणाकडेच नव्हती.

महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या संस्थेकडे ते असतंच, फक्त कागद हाताशी आहे ना ते पाहायला सांगा.

हिशोब कागदावर मांडा

इथे खरं काम सुरू होतं. संस्थेच्या व्यवस्थापकाबरोबर बसा आणि एका प्रयोगाचा खर्च बाबवार लिहून काढा: कलाकारांच्या नाइट (दर प्रयोगाचं मानधन), वादकांच्या नाइट, रंगमंच कामगार, रंगभूषा आणि टोप, कपडेपटाची धुलाई, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, मुक्काम आणि जेवण, नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी आणि प्रकाश, जाहिरात, तिकीटविक्रीचं कमिशन. गद्य नाटकापेक्षा संगीत नाटकाला नेहमीच जास्त माणसं लागतात, आणि दोन पात्रांच्या नाटकाशी त्याची तुलना करून 'एवढा खर्च कसा' असं विचारणं बरोबर नाही.

उदाहरणासाठी समजा, बाहेरगावच्या एका प्रयोगाचा खर्च १,४०,००० रुपये येतो. नाट्यगृहात ७०० खुर्च्या आहेत, तिकिटाचा सरासरी दर ३०० रुपये. म्हणजे ४६७ तिकिटं विकली गेली की खर्च निघतो. आता तुमच्या गटानं २५० तिकिटं आधीच पैसे भरून घेतली, तर ७५,००० रुपये हातात येतात. उरलेल्या ६५,०००साठी खिडकीवर २१७ तिकिटं विकायची राहतात. ही संख्या दिसली की निर्मात्याचा चेहरा बदलतो, कारण २१७ हा आकडा त्याच्या आवाक्यातला असतो.

दर ठरवताना एवढं ध्यानात असू द्या, की नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही. दर त्याखाली ठेवलेले बरे. पुढच्या चार रांगा थोड्या महाग आणि मागची बाल्कनी शंभर रुपयांना, अशी उतरंड ठेवली तर विद्यार्थीही येऊ शकतात.

पैसे मात्र कुणाच्याही खासगी खात्यावर घेऊ नका. पहिले काही हजार आम्ही आमच्यातल्या एकाच्या यूपीआयवर घेतले होते. माणूस प्रामाणिक होता, तरी पंधरा दिवसांत कुजबुज सुरू झाली आणि त्या बिचाऱ्याला फार मनस्ताप झाला. गावातलं वाचनालय, गायन समाज, ब्राह्मण सभा, मराठा मंडळ, जी कुठली नोंदणीकृत आणि हिशोब तपासून घेणारी संस्था असेल तिला यजमान करा. पैसे तिच्या खात्यात, पावती तिच्या पुस्तकातली. तिच्याकडे ८०जी प्रमाणपत्र असेल तर देणगीदाराला जुन्या कररचनेत सवलतही मिळते. तिकिटाचे पैसे आणि देणगी या दोन वह्या वेगळ्या. प्रयोग रद्द झाला तर किती दिवसांत पैसे परत मिळतील, हे पहिल्या दिवशीच लिहून जाहीर करा.

अडीचशे माणसं कशी मिळतात

व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकून मिळत नाहीत. आम्ही पंचवीस जणांना गाठलं आणि प्रत्येकाला दहा तिकिटांची जबाबदारी दिली. हे पंचवीस जण कोण निवडायचे यात सगळं आलं. ज्यांना नाटकातलं खूप कळतं ते यात फारसे उपयोगी पडले नाहीत. उपयोगी पडल्या त्या भिशी चालवणाऱ्या एक काकू, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, गायनाचा वर्ग घेणाऱ्या एक बाई आणि रोज पहाटे फिरायला जाणाऱ्यांचा एक कट्टा. ज्यांच्या शब्दाखातर दहा माणसं घराबाहेर पडतात, अशी माणसं शोधा.

त्याआधी एक छोटी मैफल करून पाहा, तिचा आम्हाला सर्वांत जास्त फायदा झाला. नाटकातली सहा-सात पदं आणि एखादा प्रवेश, संचातले दोन गायक, पेटी आणि तबला, शंभर-दीडशे माणसांचं सभागृह. वेशभूषा नको, नेपथ्य नको. खर्च थोडा, आणि गायकाचा गळा तयार आहे का हे सगळ्यांना समोर दिसतं. कार्यक्रम संपताना दाराशी टेबल मांडून प्रयोगाची आगाऊ तिकिटं ठेवा. आमची पहिली ९० तिकिटं त्याच संध्याकाळी गेली.

तारीख आणि वेळ

नाट्यगृहांच्या तारखांचं वाटप काही महिने आधी होतं आणि शनिवार-रविवारची रात्र चालत्या व्यावसायिक नाटकांकडे जाते. त्या स्पर्धेत उतरू नका. रविवारी दुपारी चारचं सत्र मिळतंय का पाहा. संगीत नाटकाचा मोठा प्रेक्षक साठीच्या पुढचा आहे. रात्री बाराला सुटणाऱ्या प्रयोगाहून परत कसं जायचं, या काळजीनंच तो घरी थांबतो. आठच्या आत सुटणारा प्रयोग, मिरज-सांगली शेवटच्या बसच्या वेळा आणि जिना चढायला त्रास होणाऱ्यांसाठी तळमजल्यावर राखलेल्या दोन रांगा, एवढ्या व्यवस्थेनं आमच्याकडे साठ-सत्तर माणसं वाढली असतील.

दहावी-बारावीच्या परीक्षा, गणपती, दिवाळीचा आठवडा टाळा. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं त्याची आठवण म्हणून तो पाळतात. त्याच्या आसपासची तारीख मिळाली तर वर्तमानपत्रं बातमीला जागा देतात. पण त्या दिवशी इतरही कार्यक्रम असतात, हे धरून चला.

पेटी, म्हणजे ऑर्गन

हा भाग कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. संगीत नाटकाचा प्राण पायपेटीत आहे. तिचा भरदार सूर गायकाला खालून उचलून धरतो. सिंथेसायझरवर तो आभास होतो, आधार मिळत नाही. पण पायपेटी जड असते, टेम्पोत हादरे बसले की तिच्या सुरपट्ट्या बिघडतात, दमट हवेत भाता सुटतो. दौऱ्यावर ती नेणं हे संस्थेला मोठं ओझं असतं.

आम्ही आमच्या भागात चौकशी केली तर एका जुन्या वाड्यात आणि एका शाळेच्या अडगळीत मिळून दोन ऑर्गन सापडले. मिरजेत तंबोरे-सतारी करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण ऑर्गन दुरुस्त करणारा हात शोधायला आम्हाला तीन महिने लागले. शाळेतला ऑर्गन वर्गणी काढून दुरुस्त केला. आता आमच्या भागात संगीत नाटक येणार असेल तर ऑर्गन इथेच असतो, टेम्पोतली जागा आणि जीव दोन्ही वाचतात. मात्र प्रयोगाच्या आदल्या दिवशी ऑर्गनवादकाला तो तासभर वाजवून पाहू द्या. सूर किंचित चढा-उतरा असला तर तंबोरा, तबला, बासरी सगळं त्याला जुळवून घ्यावं लागतं, आणि गायकाला ते आधी कळलेलं बरं.

दुसरी फळी

तुमच्याकडे देणगीचे थोडे पैसे उरले तर ते जाहिरातीत घालू नका, पर्यायी कलाकारावर घाला. गाणाऱ्या नटाची एकच जागा असली की त्याचा घसा बसला तरी नाटक थांबतं. गावात गाणं शिकणाऱ्या मुलामुलींत अभिनयाची आवड असणारा कुणी ना कुणी असतोच. अशा दोघांचा सहा महिन्यांचा प्रवासखर्च आणि थोडं मानधन गटानं उचललं, आणि संस्थेनं त्यांना तालमीत बसवून घेतलं, तर पुढच्या दहा वर्षांची सोय होते. ख्याल शिकलेल्या मुलाला नाट्यपदाची मांडणी वेगळी शिकावी लागते: चार आवर्तनांत भाव उभा करायचा, तान घेताना पात्र सोडायचं नाही, गाणं संपताच पुढचं वाक्य त्याच श्वासात बोलायचं. हे वर्गात शिकवता येत नाही, विंगेत उभं राहून शिकावं लागतं. जयमाला शिलेदारांकडून ते त्यांच्या मुलीकडे, कीर्ती शिलेदारांकडे गेलं, ते असंच.

रसिकांनी काय करू नये

बालगंधर्वांशी तुलना करू नये. मध्यंतरात चहाच्या स्टॉलवर, सत्तावीस वर्षांच्या गायिकेला ऐकू जाईल अशा आवाजात, 'ते गाणं वेगळंच होतं' असं म्हणणारी माणसं आमच्याच गटात होती. ती मुलगी दुसऱ्या अंकात दबून गायली. बालगंधर्व १९६७ साली गेले. आज असं बोलणाऱ्यांतल्या फारच थोड्यांनी त्यांना समोर बसून ऐकलेलं आहे.

संक्षेपाबद्दल हट्ट धरू नये. पूर्वी पाच अंकी नाटकं रात्रभर चालत, आता नाट्यगृहाचं सत्र ठरावीक तासांचं असतं आणि वेळ उलटली की जादा भाडं पडतं. तुमचं आवडतं पद गाळलं गेलं तर दुःख होईल, पण कुठलं पद ठेवायचं हे दिग्दर्शकाला ठरवू द्या. वन्समोअरचंही तसंच. संस्थेला आधी विचारा, किती वन्समोअरना वेळ आहे. आम्ही तीनवर ठरवलं, आणि ते कुठल्या पदांना हे मात्र प्रेक्षागृहावर सोडलं.

मोबाइलवर चित्रीकरण करून टाकू नये. अर्ध्या मिनिटाची कापलेली तान, खराब आवाजात, नाटकाचं नुकसानच करते. संस्थेनं स्वतः चांगल्या ध्वनीत दोन पदं चित्रित केली तर ती सगळ्यांनी पसरवावी. त्याचा खर्च गट उचलू शकतो.

पहिला प्रयोग झाल्यावर

एक प्रयोग हाऊसफुल्ल करणं अवघड असलं तरी होतं. माणसं हौसेनं येतात. खरी कसोटी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयोगाची. एका प्रयोगासाठी टेम्पो, बस, तालीम असा सगळा खर्च करणं संस्थेला परवडत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच शेजारच्या दोन गावांतल्या रसिकांना सोबत घ्या. शुक्रवारी एक गाव, शनिवारी दुसरं, रविवारी तिसरं अशी साखळी झाली की प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तिघांत विभागला जातो.

साखळी कुठवर नेता येईल याचा विचार मोठा ठेवा. रत्नागिरीत खल्वायन, पुण्यात भरत नाट्य मंदिर अशा संगीत नाटक जपणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या कार्यकर्त्यांशी बोला, ते माहिती हात राखून देत नाहीत. गोव्यात देवळांच्या उत्सवांत अजून संगीत नाटकं रंगतात आणि तिथला प्रेक्षक चोखंदळ आहे. राज्य शासनाच्या नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची स्वतंत्र स्पर्धा असते. हौशी संचासाठी ती चांगली संधी आहे, कारण तालमीला तारखेचं बंधन येतं. परदेशातली महाराष्ट्र मंडळं पूर्ण संच क्वचितच नेऊ शकतात, पण चार गायक-वादकांचा नाट्यपदांचा कार्यक्रम नेतात, आणि त्यातून आलेल्या पैशांवर इथे एखादा प्रयोग उभा राहू शकतो.

लोकवर्गणी आणि संगीत नाटक यांचं नातं नवं नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून केलेला 'संयुक्त मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठी होता. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या आणि लोकांनी भरभरून पैसे दिले. आता पैसे नाटकासाठीच गोळा करायचे आहेत, एवढाच फरक.

प्रयोगाच्या दिवशीची एक सूचना. मध्यंतरात दाराशी एक वही ठेवा: नाव, फोन, आणि 'पुढच्या प्रयोगाची किती तिकिटं हवीत' असा रकाना. मध्यंतरातच ठेवा. शेवटी भरतवाक्य झालं की माणसं चपला शोधतात आणि बस पकडायला धावतात. आमच्या वहीत पहिल्या प्रयोगाला १७४ तिकिटांची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही दोघे ती वही घेऊन नाट्यगृहाच्या कार्यालयात गेलो आणि पुढच्या वाटपातल्या रविवार दुपारसाठी अर्ज भरला.